रुखमाबाईचा फोल्डर

"आई, तुमचावाला फोल्डर कोणाकोणाले दिसला पाह्यजे?" मयुरीनं विचारलं आणि रुखमाबाईच्या हातातलं सूप थांबलं. सून कॉम्प्युटरपुढं बसली होती, पाठमोरी, माउसवर हात ठेवून. भाजीत मीठ किती टाकू असं विचारताना असतो तसाच तिचा आवाज होता. रुखमाबाई दाराशी फरशीवर पाय पसरून तांदूळ निवडत होती. उत्तर अवघड होतं असं नाही, पण असा प्रश्न तिला जन्मात कोणी केलाच नव्हता. त्यामुळं त्याचं उत्तर मनात कुठल्या कोपऱ्यात असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. लोकांनी तिला बरंच काही विचारलं होतं. भात झाला का, बैलाला पाणी दाखवलं का, माहेराहून कधी परतणार. पण तुझं जे काही आहे ते कोणी बघावं आणि कोणी बघू नये, हे? थोडी भीतीच वाटली म्हणायची. "मंग सांगतो व," ती म्हणाली आणि खडे वेचू लागली, पण पुढचा सगळा वेळ तिला तांदळात फक्त तांदूळच दिसले, आणि त्या दुपारी भातात दोघांच्या दाताखाली खडा आला.

हे सगळं करिश्माच्या पराक्रमामुळं झालं होतं. दुसरीतल्या या नातीनं एके दिवशी कॉम्प्युटर 'झाडून काढला'. गडचांदूरला धूळ कशी असते ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. सिमेंटच्या कारखान्यांची पिठूळ पांढरी धूळ तुळशीच्या पानावर बसते, पापडाच्या डब्यात शिरते, सकाळी पुसलेला आरसा दुपारी आंधळा होतो. करिश्मा जन्मल्यापासून घरातल्या बायकांना झाडतानाच बघत आली होती. म्हणून पडद्यावरचा पसारा बघून तिलाही हात चालवावासा वाटला, आणि तिनं दिसेल ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, वर डबाही रिकामा केला. त्यात मयुरीच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका गेल्या, रुखमाबाईच्या मुलाची, मिथुनची, कारखान्यातली प्रशिक्षणाची कागदं गेली, कोणाकोणाचे लग्नाचे फोटो गेले. "मी साफ केलं," असं सांगताना पोरीचा चेहरा एवढा फुललेला होता की तिला मारायला कोणाचा हात उठेना. रविवारी मयुरीनं वाटणी जाहीर केली. प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, प्रत्येकाचा आपला फोल्डर. आपल्या फोल्डरमध्ये कोणाला येऊ द्यायचं, आलेल्यानं नुसतं बघायचं की बदलायचंही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गावाकडं वाटणी झाली म्हणजे अंगणात भिंत उभी राहते आणि दोन भाऊ एकमेकांकडं पाठ करून दात घासतात. इथं वाटणी झाली आणि चहा एकाच पातेल्यात उकळत राहिला, याचं रुखमाबाईला नवल वाटलं. कॉम्प्युटरवर घालायचं फडकंसुद्धा तेच राहिलं, तिच्या जुन्या हिरव्या लुगड्यातून तिनंच फाडून शिवलेलं. आणि मयुरीनं त्या वाटणीत सासूचाही हिस्सा धरला होता. सासूकडं ठेवण्यासारखं काही आहे की नाही, हे न विचारता.

गोंडपिपरीकडच्या ज्या घरात रुखमाबाईचा सगळा संसार झाला त्या घराला एकच दार होतं, पुढचं, आणि तेही रात्रीच लागायचं. आत खोल्या होत्या, पण दारं नव्हती. सासूसासरे, दोन दीर, जावा, पोरं, आणि कुडाच्या भिंती अशा की पलीकडं कोणी कूस बदलली तरी इकडं कळावं. लग्नात माहेरून आलेली तिची लोखंडी पेटी ओसरीतून आत जाताना वाटेतच पडायची. सासू जाता-येता झाकण उघडून आत बघायची. वाईट मनानं नव्हे, चुलीवरच्या डाळीचं झाकण काढून बघतात तसं. पेटीत होतं तरी काय? एक फणी, एक आरसा, आईनं दिलेली चोळी, आणि माहेरच्या नदीतला एक गुळगुळीत दगड. तो दगड बघून सासू पहिल्यांदा खूप हसली, मग तिनं तो लसूण ठेचायला नेला आणि तो चुलीजवळचाच झाला. कोणी कोणाचं चोरलं नाही, कोणी कोणाला दुखवलं नाही. विचारलं नाही, एवढंच. रुखमाबाईनंही कधी कोणाला विचारलं नाही. मिथुनच्या शाळेच्या दप्तरात ती अशीच हात घालायची, नवऱ्याच्या खिशात अशीच चाचपायची. आपलं माणूस म्हणजे ज्याला विचारावं लागत नाही ते, असंच तिथं सगळे धरून चालत.

एक जागा मात्र वेगळी होती. घरामागं बांबूची ताटी उभी करून केलेली न्हाणी. तिला ना कडी ना छप्पर. खाली दगड, वर आभाळ, बाजूला कडुलिंब. आत जाताना बाईनं लुगडं ताटीवर टाकायचं. ताटीवर लुगडं दिसलं म्हणजे आत कोणी आहे, मग त्या बाजूला कोणी जायचं नाही. गोठ्याकडं जायची वाट तिथूनच होती, तेव्हा पुरुषमाणसाला जाणं भागच पडलं तर त्यानं लांबूनच खाकरायचं, आतून "हाव" आलं की मान खाली घालून निघून जायचं. एवढाच कायदा. तो कोणी लिहिला नव्हता आणि तिच्या देखत कोणी मोडलाही नाही. त्या ताटीआड रुखमाबाई गायची. गाणं तिचं स्वतःचं होतं, भातलावणीच्या, रोवण्याच्या गाण्यांच्या चालीवर तिनंच जुळवलेलं. त्यात ओलं लाकूड होतं, धुरानं भरलेले डोळे होते, आणि ताटीवर येऊन बसणारी एक चिमणी होती जी घरातल्या कोणाचंच ऐकत नसे. घरात ते तिनं कधी म्हटलं नाही. घरात म्हटलं असतं तर जावांनी पाठ केलं असतं, सासूनं दोन ओळी वाढवल्या असत्या आणि दगडासारखं तेही चुलीजवळचं झालं असतं. गाणं संपत यायचं आणि बाहेर श्रीहरी खाकरायचा. तिचा नवरा. शेतावरून यायची त्याची वेळच ती, असं ती धरून चालायची. इतर पुरुष खाकरायचे ते पुढं जाण्यासाठी. श्रीहरी स्वतःच्या बायकोच्या न्हाणीपुढंही खाकरायचा, आणि त्यावरून भाऊ त्याला चिडवायचे, "अरे, तुह्यीच बायको हाय ना!" तो नुसता हसायचा. दोनदा खाकरायचा, एक लांब, एक आखूड. तो वारल्यावर मिथुन तिला गडचांदूरला घेऊन आला. इथं न्हाणीघराला फरशा आहेत, लोखंडी कडी आहे. इथं ती कधी गायली नाही.

संध्याकाळी भाजी चिरताना तिनं उत्तर दिलं. "मयुरी, कोणालेच नको."

"काय, आई?"

"तो माह्या फोल्डर. कोणालेच नको दिसू."

सांगताना तिचे कान तापले होते. मयुरी हसेल, निदान मान तरी वळवेल असं तिला वाटलं होतं. मयुरी "बरं" म्हणाली, हात पुसून उठली आणि तसं करून आली. फोल्डरला नाव काय देऊ म्हणाली. आई देऊ? आजी देऊ? रुखमाबाई म्हणाली, रुखमा दे. या घरात ते नाव कोणी उच्चारत नाही, ते फक्त आधार कार्डावर राहतं. पासवर्ड तिनं माहेरच्या म्हशीचं नाव ठेवलं. ते कोणतं, हे इथं सांगणं बरं नाही.

मग दुपारी घर रिकामं असलं की ती हिरवं फडकं काढायची, म्हशीचं नाव एकेक अक्षर शोधून टाकायची आणि आपला फोल्डर उघडायची. आत काही नव्हतं. पांढरं, स्वच्छ, गडचांदुरात कुठं सापडणार नाही एवढं स्वच्छ. काही ठेवायला हवं असंही तिला वाटेना. उघडावं, थोडं बसावं, बंद करावं. शेजारच्या आशाबाईनं एकदा खिडकीतून हाक मारली, "काय करून राह्यली व रुखमाबाई?" तर ती म्हणाली, "काई नाई, बसली हाय." आणि ते तंतोतंत खरं होतं. एवढं खरं बोलायला मिळाल्याचा तिला आनंद झाला आणि तो दिवसभर पुरला.

मिथुननं तो फोल्डर उघडला तेव्हा ती तिथंच होती, त्याच्यामागं खाटेवर, करिश्माच्या फ्रॉकला बटण लावत. तो पहिल्या पाळीवरून आला होता, भुवयांवर सिमेंट तसंच. कॉम्प्युटर मुळात त्यानं आणलेला, म्हणून मालकाचं खातं त्याचं. त्या खात्याला सगळ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या असतात म्हणे. स्वतःचं काहीतरी शोधता शोधता त्याला 'रुखमा' दिसलं. त्यानं दाबलं. पडद्यावर पाटी आली आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली, हसत हसत, आधी इंग्रजीत, मग आईला कळावं म्हणून आपल्या भाषेत. "सध्या तुम्हाले इथं जायची परवानगी नाई म्हणते. कायमची पाह्यजे असन तर पुढे चला दाबा म्हणते." तो वळून म्हणाला, "आई, मले काऊन नाई व?" चेहऱ्यावर हसू होतं, पण आवाज दुखावलेला होता, आणि तो तिनं लगेच ओळखला, कारण लहानपणी दुसऱ्या पोराला आधी वाढलं की तो असाच बोलायचा. तिचा रक्तदाब, तिचं बँकेचं पुस्तक, तिच्या गुडघ्याचं तेल, सगळं त्याच्याच हाताखालून जायचं. आईचं असं काय आहे जे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला समजेचना. ती "अरे, ते..." एवढं म्हणते तोवर त्यानं 'पुढे चला' दाबलं. हिरवी रेघ सरकत गेली आणि फोल्डर उघडला.

"हे त् खालीच हाय!" तो म्हणाला, आणि सुटल्यासारखा मोठ्यानं हसला. "काईच नाई यात. मी घाबरलो ना, मले वाटलं डॉक्टरचं काई लपवून ठेवलं का काय."

रुखमाबाईनं सुई फ्रॉकला टोचून ठेवली. ती उठली, न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि पालथ्या बादलीवर बसली. तिला रडू आलं आणि स्वतःच्या रडण्याचा रागही आला. आत काही असतं तर एक वेळ बरं झालं असतं. आत काही नव्हतं, आणि ते काही नसणंच तिचं होतं, ते त्यानं बघितलं आणि हसला. पण हे कोणाला सांगायचं, आणि सांगून ते काय वाटेल? ती कडीकडं बघत राहिली. चांगली जाड कडी होती. कडी लावली की पलीकडच्याला काही करावंच लागत नाही, तो आपसूक अडतो. ताटीवरच्या लुगड्यात अडवायची ताकद मुळीच नव्हती, वाऱ्यानंसुद्धा ते सरकायचं. तरी सगळे थांबायचे. कडी हे लोखंडाचं काम आणि लुगडं हे माणसांचं, असं काहीसं तिच्या मनात आलं. बाहेर मयुरी शाळेतून करिश्माला घेऊन आली होती. तिचा आवाज ऐकू आला, दबका पण धारदार. "तुमी दाबलंच काऊन? आता तुमचं नाव फोल्डर पाहणाऱ्याच्या यादीत चढलं. कायमचं लिवलं होतं ना तिथं, वाचता येते ना?" मिथुन म्हणाला, "माह्यी माय हाय ते." मयुरी म्हणाली, "म्हणूनच त् विचारा लागत होतं." शेवटी करिश्मानं दार बडवून "आजी, शी लागली" म्हणून सांगितलं आणि रुखमाबाईला उठावंच लागलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. मिथुन येताना तिच्यासाठी सीताफळं घेऊन यायचा, टोपली तिच्यापुढं ठेवायचा आणि फोनमध्ये डोकं घालायचा. ती त्याच्या ताटात भाजी जास्त वाढायची आणि तो ती मुकाट संपवायचा. पूर्वी पाळीवरून आला की "आई, कुठी गेली व" असं फाटकापासून ओरडत यायचा. आता बूट काढायचा तेही हळूच. पोरगं आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागायला लागलंय, आणि ते कशापायी, तर एका रिकाम्या जागेपायी, असं तिला वाटायचं. काय करायची ती जागा? साठीला आलेल्या बाईला? सासूला कुठं होती? आईला कुठं होती? आणि लगेच आत कोणीतरी हट्टी पोरीसारखं म्हणायचं, मला हवी आहे. एवढी एकच हवी आहे. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीपैकी एक टाकावं लागणार होतं. तिनं फोल्डर टाकायचं ठरवलं. पोटच्या पोरापेक्षा जास्त काय असतं?

शनिवारी दुपारी मयुरी घरी होती. "माह्या फोल्डर पुसून टाक," रुखमाबाई म्हणाली. मयुरीनं तिच्याकडं नीट बघितलं. "तो मले पुसता येत नाई, आई. तुमी कोणालेच दिला नाई ना, मलेबी नाई. तुमचा तुमाले पुसा लागते. मी बसतो बाजूले." रुखमाबाईनं हिरवं फडकं काढलं. आठवड्याची धूळ बसली होती. ते तिनं बाहेर नेऊन झटकलं, ऊन लागावं म्हणून व्हरांड्याच्या जाळीवर टाकलं आणि आत येऊन म्हशीचं नाव टाकलं. पुसण्याआधी तिनं मयुरीला म्हटलं, "मिथुनचं नाव कुठी चढलं ते त् दाखव." तिला ते एकदा बघायचं होतं, का कोण जाणे. मयुरीनं दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि एक यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. रुखमा.

"याचं कुठी हाय?"

मयुरी पडद्याजवळ वाकली. "नाई आहे. यायनंच काढलं असन." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मले नाई सांगितलं. तुमाले?"

"नाई."

रुखमाबाई त्या एकट्या नावाकडं बघत राहिली. कधी काढलं असेल? सगळे झोपल्यावर? पाळीला जायच्या आधी? आणि काढून त्यानं कोणाला सांगितलं नाही, सीताफळाची टोपली ठेवली आणि फोनमध्ये डोकं घातलं. पुसायला पुढं केलेला हात तिनं मागं घेतला. "मयुरी," ती म्हणाली, "याच्यात आवाज ठेवता येते का?" शिकवणीच्या पोरांसाठी आणलेला छोटा माइक मयुरीनं जोडला, लाल ठिपका दाखवला, "हे चालू आहे तोवर घेते," म्हणाली आणि खुर्ची मागं ओढून स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांड्यांचा आवाजही तिनं केला नाही.

सुरुवातीला आवाज चिरका लागला. इतक्या वर्षांत गळ्यावरही धूळ बसली होती. पण ओलं लाकूड आलं, धूर आला, आणि डोळे मिटल्यावर पायाखाली दगड आला, डोक्यावर आभाळ आलं, कडुलिंब आला. चिमणी ताटीवर येऊन बसली आणि तिनं कोणाचंच ऐकलं नाही. एक ओळ आठवेना, तिथं रुखमाबाईनं नुसतं गुणगुणून निभावलं. शेवटचं कडवं तिनं दोनदा म्हटलं, तेव्हाही म्हणायची तसंच. गाणं संपलं. आणि बाहेर कोणीतरी खाकरलं. एक लांब, एक आखूड.

श्रीहरी, असं तिच्या ओठांवर आलंही. मग तिनं डोळे उघडले. व्हरांड्याच्या जाळीच्या पलीकडं मिथुन उभा होता, जाळीवर पडलेल्या हिरव्या लुगड्याच्या अलीकडं एक पाऊलही न टाकता, मान खाली घालून. "आई," तो म्हणाला, "येऊ का?"

"हाव," ती म्हणाली. "हाव, ये."

मयुरीनं येऊन ठिपका बंद केला आणि नीट आलं का बघायला आवाज लावला. रुखमाबाईला आपलाच आवाज परका वाटला, लाजही वाटली. पहिल्याच कडव्यात मागं गाडीचा आवाज होता, मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज, मग फाटकाची कडी. गाताना तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर गाण्याखेरीज काहीच नव्हतं. पाऊल नाही, बूट नाही, शेवटपर्यंत. आणि शेवटी ते खाकरणं. "परत लाव व," ती म्हणाली. मयुरीनं परत लावलं. गाडी, स्टँड, फाटक, आणि मग ते सबंध उभं राहणं. पोरगा पहिल्या कडव्यालाच आला होता. गाणं संपेपर्यंत, पाळीवरून थकून आलेला तो उन्हात उभा राहिला होता. म्हणजे श्रीहरीचीही शेतावरून यायची ती वेळच नव्हती. रोज बरोबर शेवटच्या ओळीला कोणाचं शेत संपतं?

"खाकरणं कापून टाकू का, आई? कापता येते," मयुरी म्हणाली.

"हात नको लावू," रुखमाबाई म्हणाली.

"मंग हे कोणाले दिसू द्यायचं? का कोणालेच नको?"

मिथुन दाराशीच बूट सोडत बसला होता, एकाच नाडीशी मघापासून झटत. त्यानं वर बघितलं नाही. रुखमाबाई त्याच्या पांढुरक्या भुवयांकडं बघत राहिली.

"मिथुनले ऐकू दे," ती म्हणाली. "नुसतं ऐकू दे, बदलू नको देऊ." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "याचा बापबी उभा राहून ऐकत होता. मले आज समजलं."